ठाण्यापासून बुदॉपॅश्तपर्यंत : स्थळ-दिशावाचक हंगेरियन शब्द आणि मराठी भाषक

१. प्रास्ताविक

ठाणे ह्या नगराचे जुने नाव स्थानक अथवा श्रीस्थानक असे होते, हे शिलाहारांच्या कोरीव लेखांवरून व ताम्रपटांवरून सर्वश्रुत आहे. 'स्था' म्हणजे उभे राहणे ह्या धातूपासून झालेला हा शब्द प्राकृतातून झिजत झिजत 'ठाणे' बनला. पुढे आगगाडी आली, आणि तिच्या थांब्यास शुद्ध मराठी नाव हवे म्हणून आपण तोच मूळ संस्कृत शब्द पुन्हा उचलला. त्यामुळे 'ठाणे स्थानक' असे आपण म्हणतो तेव्हा वस्तुतः एकच शब्द दोनदा उच्चारीत असतो. एक झिजलेला, दुसरा नव्याने घडविलेला.

ह्या गोष्टीचा हंगेरियन भाषेशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. संबंध असा की, हंगेरियन भाषेत स्थानकास 'आल्लोमाश' असे म्हणतात आणि तो शब्द 'आल्ल' म्हणजे उभे राहणे ह्या धातूपासून झालेला आहे. बसगाडीच्या थांब्यास 'मॅगाल्लो' म्हणतात. त्याच्याही पोटात हाच धातू आहे. मराठी ही आर्य कुळातील भाषा, तर हंगेरियन ही उरल कुळाच्या उग्र शाखेतील. दोहोंत जन्माचे नाते कसलेही नाही. तरी स्थळाचे नाव पाडताना दोन्ही भाषांनी एकच कल्पना योजिली आहे. असे योगायोग परभाषा शिकणाऱ्याच्या फार उपयोगी पडतात.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. शहरातील ठिकाणे व दिशा दाखविणारे प्राथमिक हंगेरियन शब्द मराठी भाषकाने कोणत्या वाटेने आत्मसात करावेत, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. हा प्रश्न आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. दिल्ली विद्यापीठात स्लाव्ह व फिन्नो-उग्रीय भाषांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि हंगेरीच्या सरकारने २०१३ साली सुरू केलेल्या शिष्यवृत्तीच्या योजनेमुळे तेथे शिकावयास जाण्याचा मार्ग भारतीय विद्यार्थ्यांना खुला झाला आहे. अशा विद्यार्थ्याच्या हाती पडणारी पहिली पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीतून लिहिलेली असतात. मराठी मुलगा अगोदर इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये मनात आणतो आणि मग त्यांवरून हंगेरियन प्रत्यय शोधतो. हा केवळ द्राविडी प्राणायाम होय. ज्या भाषेत नामाला प्रत्यय लागतात, ती शिकण्यासाठी जीत नामाला प्रत्यय लागत नाहीत अशा भाषेचा आधार घ्यावयाचा, आणि स्वतःच्या सप्रत्यय भाषेकडे मात्र पाठ फिरवावयाची, असा हा उफराटा प्रकार आहे.

२. उच्चार व लेखन

ह्या लेखात हंगेरियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत. त्यासाठी काही संकेत आरंभीच सांगणे अवश्य आहे. 'ऑ' हा ह्रस्व व ओठ गोल करून उच्चारावयाचा स्वर आहे. दीर्घ 'आ' त्याहून वेगळा असून तो मराठी 'आ'सारखाच आहे. 'ॲ' हा विवृत ए, तर 'ए' हा दीर्घ व संवृत. मराठीत नसलेला एक स्वर 'ऒ' ह्या चिन्हाने दाखविला आहे : जीभ 'ए'साठी ठेवावी आणि ओठ मात्र 'ओ'साठी गोल करावेत, म्हणजे तो साधतो. आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अवयवावर येतो. ह्या नियमाला अपवाद शोधण्याचे कष्ट विद्यार्थ्याने करू नयेत.

व्यंजनांच्या बाबतीत मराठी भाषक भाग्यवान आहे. 'चार' ह्यातील तालव्य च आणि 'चोर' ह्यातील दंततालव्य च हे दोन्ही त्याच्या जिभेवर आधीच बसलेले असतात. हंगेरियन भाषेतही हे दोन निरनिराळे वर्ण आहेत. 'उत्सॉ' म्हणजे गल्ली किंवा लहान रस्ता; ह्यातील 'त्स' हा आपला 'चोर'मधील च होय. 'बोचानॉत' म्हणजे क्षमा करा. ह्यातील च हा 'चार'मधील च होय. हिंदी भाषकास पहिला वर्ण प्रयत्नाने शिकावा लागतो, मराठी भाषकास तो फुकट मिळतो. 'ञ' हा वर्णही आपल्या वर्णमालेत केवळ शोभेपुरता उरला आहे. हंगेरियनमध्ये तो पदोपदी येतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी. इंग्रजीच्या सवयीने 'पोश्टॉ' असा उच्चार करण्याचा मोह होतो. तेथील त व द दंत्य आहेत, म्हणून 'पोश्तॉ' असेच म्हणावे. नगराच्या नावाचा तद्देशीय उच्चारही 'बुदॉपॅश्त' असाच आहे.

३. कोठे, कोणीकडे, कोठून

अनोळखी शहरात पाऊल टाकणाऱ्यास पहिली गरज प्रश्नवाचक शब्दांची असते. हंगेरियन भाषेत स्थळाविषयी तीन प्रश्न आहेत : 'होल' म्हणजे कोठे (असणे), 'होवा' म्हणजे कोठे (जाणे), आणि 'होन्नॉन' म्हणजे कोठून. वाट विचारावयाची झाल्यास 'मॅर्रॅ' म्हणजे कोणीकडे, हा चौथा शब्द मिळतो. "होल वॉन ऑझ आल्लोमाश?" म्हणजे "स्थानक कोठे आहे?" आणि "मॅर्रॅ वॉन ऑझ आल्लोमाश?" म्हणजे "स्थानक कोणीकडे आहे?"

मराठीशी तुलना करता एक महत्त्वाची गोष्ट नजरेस येते. "तू कोठे आहेस?" आणि "तू कोठे जातोस?" ह्या दोन्ही वाक्यांत मराठी एकच 'कोठे' वापरते, "कोठून आलास?" येथे मात्र रूप बदलते. म्हणजे मराठीने असणे व जाणे ह्यांना एका दावणीला बांधले आहे, आणि येणे तेवढे वेगळे ठेवले आहे. हंगेरियन भाषा तिन्ही वेगळे मानते. मराठी विद्यार्थ्याची पहिली व सर्वांत चिवट चूक येथेच होते. ती शब्द न आठवल्यामुळे होत नाही. मराठीने जो भेद केलेला नाही तो मनाला जाणवत नाही, म्हणून होते.

दर्शक शब्दांत मात्र दोन्ही भाषांची ठेवण सारखी आहे. जवळचे व दूरचे ह्यांतील भेद मराठी 'इकडे-तिकडे', 'येथून-तेथून' अशा जोड्यांनी दाखविते. हंगेरियनमध्ये हाच भेद केवळ स्वर बदलून साधतो : 'इत्त' येथे, 'ओत्त' तेथे; 'इदॅ' इकडे, 'ओदॉ' तिकडे; 'इन्नॅन' येथून, 'ओन्नॉन' तेथून; 'ॲर्रॅ' ह्या बाजूने, 'ऑर्रॉ' त्या बाजूने. पुढचा स्वर जवळच्याचा, मागचा स्वर दूरच्याचा, एवढे सूत्र ध्यानात ठेविले की आठ शब्द एका बैठकीत पाठ होतात.

४. नऊ प्रत्यय

आता मुख्य विषयाकडे वळू. स्थळ दाखविण्यासाठी हंगेरियन नामाला नऊ प्रत्यय लागतात. संख्येने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण त्यांची मांडणी तीन ओळी व तीन रकाने अशी चौकोनी आहे. ओळी तीन : आतला भाग, वरचा भाग, जवळचा भाग. रकाने तीन : असणे, जाणे, येणे. 'हाझ' म्हणजे घर हा शब्द घेऊ.

आतला भाग : हाझबॉन (घरात आहे), हाझबॉ (घरात जातो), हाझबोल (घरातून येतो).
वरचा भाग : हाझोन (घरावर आहे), हाझरॉ (घरावर चढतो), हाझरोल (घरावरून उतरतो).
जवळचा भाग : हाझनाल (घरापाशी आहे), हाझहोझ (घराकडे जातो), हाझतोल (घरापासून निघतो).

कंसातील मराठी रूपे पाहावीत. पहिल्या दोन ओळींत मराठीचा पहिला व दुसरा रकाना एकच आहे : 'घरात', 'घरावर'. तिसऱ्या ओळीत 'पाशी', 'कडे', 'पासून' असे तीन वेगळे शब्द मराठीजवळ आहेत, जरी नित्याच्या बोलण्यात पहिल्या दोहोंची सरमिसळ होते. म्हणजे नऊ घरांपैकी सात घरे मराठीने आधीच भरून ठेविली आहेत, आणि विद्यार्थ्याने नवी शिकावयाची ती फक्त दोन. इंग्रजीच्या वाटेने जाणारा विद्यार्थी नऊच्या नऊ प्रत्यय कोरे म्हणून शिकतो. 'आतून', 'वरून', 'पासून' ह्या संयुक्त रूपांची सवय असलेल्या मराठी मनाला हाझबोल व हाझरोल ह्यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही, तो केवळ दाखवावा लागतो.

प्रत्ययांच्या रूपात एक बदल होतो, त्यास स्वरसंवाद असे म्हणता येईल. शब्दात ऑ, आ, ओ, उ हे मागचे स्वर असतील तर प्रत्ययातही मागचा स्वर येतो; पुढचे स्वर असतील तर पुढचा. म्हणून हाझ-हाझबॉन, पण 'कॅर्त' (बाग) - कॅर्तबॅन. हाझबोल, पण कॅर्तबॊल. मराठीत ह्यासारखे काही नाही. मराठीत प्रत्यय स्थिर राहतो आणि नाम बदलते, ह्यालाच आपण सामान्यरूप म्हणतो : रस्ता-रस्त्यावर, ठाणे-ठाण्यात. हंगेरियनमध्ये मुख्यतः नाम स्थिर राहते आणि प्रत्यय नामाप्रमाणे वळतो. तथापि सामान्यरूपाची छाया तेथेही अगदीच नाही असे नव्हे. 'इश्कोलॉ' म्हणजे शाळा. 'शाळेत' म्हणावयाचे तर 'इश्कोलाबॉन' असे अंत्य स्वर दीर्घ करून म्हणावे लागते. 'शॉरोक' म्हणजे कोपरा, पण 'कोपऱ्यावर' म्हणजे 'शॉर्कोन'. मधला स्वर गळतो. उंदीर-उंदराला ह्या रूपात आपल्याकडेही मधला स्वर असाच गळतो. मोरो केशव दामले ह्यांच्या १९११ सालच्या व्याकरणात सामान्यरूपाचा जो विस्तृत विचार आहे तो ज्याने वाचला आहे, त्याला ह्या रूपांचे नवल वाटणार नाही.

हे प्रत्यय मुळात स्वतंत्र शब्द होते. आतल्या भागाचे प्रत्यय 'बेल' म्हणजे आतडे, पोट ह्या शब्दापासून झाले. वरच्या भागाच्या 'रॉ' ह्या प्रत्ययाचा इतिहास तर लेखी पुराव्याने सिद्ध आहे. बॉलॉतोन सरोवराच्या काठावरील तिहॉञ येथील मठाची १०५५ सालची सनद लॅटिन भाषेत आहे. तिच्यात जमिनीच्या सीमा सांगताना फॅहेरवार नगराकडे जाणाऱ्या लष्करी रस्त्याचा उल्लेख हंगेरियन शब्दांत केला आहे, आणि तेथे 'रॉ' हा प्रत्यय नसून 'रॅऑ' असा सुटा शब्द म्हणून लिहिलेला आढळतो. हंगेरियन भाषेचे हे अतिप्राचीन शब्दबंध एका रस्त्याची दिशा सांगण्यासाठी कागदावर उतरले, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कल्याणजवळच्या अंबरनाथ येथील शिलाहारकालीन मंदिराचा लेख शके ९८२ म्हणजे १०६० सालचा आहे. दोन्ही लेख जवळजवळ समकालीन ठरतात. आपल्या दानपत्रांतही गावाच्या चतुःसीमा अशाच दिशावार सांगितलेल्या असतात. जमिनीची हद्द चुकू नये ह्या चिंतेपोटी दोन दूरच्या देशांत लोकभाषेतील शब्द राजकीय लेखांत शिरले.

५. आत की वर?

प्रत्यय कळले तरी कोणत्या ठिकाणास 'आत' लावावा आणि कोणत्यास 'वर', हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर तर्काने मिळत नाही, रूढीने मिळते. मराठीतही तसेच आहे. ठाणेकर तलावपाळीवर फिरावयास जातो, जांभळी नाक्यावर उभा राहतो, परंतु चौकात वळतो आणि आळीत राहतो. नाका आणि चौक ह्या दोन्ही उघड्याच जागा. एकीला 'वर' आणि दुसरीला 'त' का, ह्याचे कारण व्याकरणात सापडणार नाही.

सुदैवाने काही ठिकाणी दोन्ही भाषांची रूढी जुळते. आपण 'स्थानकावर' म्हणतो, हंगेरियन माणूसही 'आल्लोमाशोन' म्हणजे स्थानकावर असेच म्हणतो. तो पुलावर 'हीदोन' उभा राहतो, शाळेत 'इश्कोलाबॉन' शिकतो, रुग्णालयात 'कोरहाझबॉन' पडतो, ग्रंथालयात 'कॊञ्वतारबॉन' वाचतो. परंतु टपाल कचेरी, बाजार, चौक व विद्यापीठ ह्या चार ठिकाणी वाटा फुटतात. मराठीत आपण पोस्टात, बाजारात, चौकात, विद्यापीठात जातो; हंगेरियनमध्ये पोश्तान, पिऑत्सोन, तेरॅन, ॲद्यॅतॅमॅन अशी चारही रूपे 'वर' ह्या अर्थाची आहेत. ही चार पाठ करावीत. बाकीच्यांचा विचार मराठीच्या कलाने केला तरी फारसा दगा होत नाही.

गावांच्या नावांचा नियम याहून मौजेचा आहे. परदेशातील गावांना हंगेरियन भाषा 'आत'चा प्रत्यय लावते : लोन्दोनबॉन. त्याच न्यायाने 'कल्याणात', 'कल्याणात जातो', 'कल्याणातून' ही रूपे कल्याणबॉन, कल्याणबॉ, कल्याणबोल अशी होतील. स्वदेशातील बहुसंख्य गावांना मात्र 'वर'चा प्रत्यय लागतो : बुदॉपॅश्तॅन, बुदॉपॅश्तरॅ, बुदॉपॅश्तरॊल. ह्याला द्यॊर, शोप्रोन, दॅब्रॅत्सॅन अशी काही स्वदेशी गावे अपवाद आहेत. तरीही परके गाव 'आत' आणि आपले गाव 'वर', हा भेद त्या समाजाने प्रत्ययात साठवून ठेविला आहे. आपल्याकडे घरी, गावी, दारी अशा मोजक्या शब्दांत जुनी सप्तमी जिवंत राहिली आहे. परक्या ठिकाणाला ती सहसा लागत नाही. हंगेरियनमध्येही 'त्त' हा एक जुना स्थळवाचक प्रत्यय 'इत्त', 'ओत्त' अशा शब्दांत आणि काही थोड्या गावांच्या रूपांत टिकून आहे. रोजच्या वापरातील शब्दच जुने प्रत्यय जपतात, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. उजवे, डावे आणि चार दिशा

वाट सांगताना तीन शब्द अपरिहार्य आहेत : 'योब्ब्रॉ' उजवीकडे, 'बॉल्रॉ' डावीकडे, 'ॲद्यॅनॅशॅन' सरळ. पहिल्या दोहोंच्या शेवटी आपल्या ओळखीचा 'रॉ' प्रत्यय आहे. 'योब्ब' ह्या शब्दाचे अर्थ दोन : उजवा आणि अधिक चांगला. मराठी वाचकास हे सांगण्याची गरजच नाही, कारण आपणही "ह्या दोहोंत हा उजवा ठरला" असे म्हणतो आणि डावे-उजवे करू नये असा उपदेश करतो. 'बॉल' हा डाव्याचा शब्द दुर्दैव, गैरसमज अशा अर्थांच्या समासांतही पूर्वपद म्हणून येतो. दोन्ही समाजांनी उजव्या हाताला झुकते माप दिले आहे.

चार दिशांच्या नावांत मात्र दोन निरनिराळ्या दृष्टी दिसतात. संस्कृत नावांच्या मुळाशी पूर्वेकडे तोंड करून उभा असलेला माणूस आहे. पूर्व म्हणजे पुढची, पश्चिम म्हणजे मागची, दक्षिण म्हणजे उजव्या हाताची. हंगेरियन माणूस मात्र सूर्याकडे पाहतो. 'कॅलॅत' (पूर्व) हा शब्द उगवणे ह्या धातूवरून, 'ञुगॉत' (पश्चिम) हा विसावणे, मावळणे ह्या धातूवरून झाला. 'देल' म्हणजे दक्षिण आणि 'देल' म्हणजेच मध्यान्ह. 'एसॉक' म्हणजे उत्तर, मुळात रात्रीचा भाग. आपल्या खेड्यांतील माणूस पूर्व-पश्चिम न म्हणता उगवतीकडे व मावळतीकडे असे म्हणतो. कॅलॅत व ञुगॉत ह्यांचे खरे प्रतिशब्द हेच होत. ग्रांथिक मराठीने बाजूला सारलेले शब्द परभाषेच्या अभ्यासात असे पुन्हा हाती येतात.

परंतु शहरातील दिशा आणि होकायंत्रावरील दिशा एकच असतात असे नाही. डोंबिवलीत 'पूर्व' व 'पश्चिम' ही नावे लोहमार्गाने ठरविली आहेत. दिव्याहून कल्याणकडे जाणारा तो मार्ग डोंबिवलीत दक्षिणोत्तर नसून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो. त्यामुळे ज्याला आपण डोंबिवली पूर्व म्हणतो तो भाग वास्तविक आग्नेयेस आहे. तरीही फडके रस्ता पूर्वेस आणि विष्णुनगर पश्चिमेस, ह्याविषयी कोणाही डोंबिवलीकराला शंका नसते. मुंबई ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला आणि पुढल्याच वर्षी, १८५४ साली, कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून ह्या गावांच्या दिशा सूर्याने नव्हे, तर रुळांनी ठरविल्या.

हंगेरीतील पहिला लोहमार्ग पॅश्त ते वात्स असा १८४६ साली झाला. परंतु तेथील राजधानीची विभागणी लोहमार्गाने नव्हे, दुनॉ नदीने केली आहे. पश्चिम तीरावर बुदॉ, पूर्व तीरावर पॅश्त. ही दोन नगरे व जुने ओबुदॉ मिळून १८७३ साली एक महानगर झाले. तेथे वाट विचारली असता, ठिकाण बुदॉच्या बाजूस की पॅश्तच्या बाजूस, हे प्रथम सांगितले जाते. अगदी आपल्या पूर्व-पश्चिमेसारखेच. आणि येथेच परक्याला मोठा चकवा आहे. 'कॅलॅति' म्हणजे पूर्व स्थानक व 'ञुगॉति' म्हणजे पश्चिम स्थानक ही तेथील दोन मोठी स्थानके. पश्चिम स्थानक पश्चिम तीरावर असेल अशा समजुतीने जो बुदॉकडे जाईल तो गाडी चुकेल, कारण दोन्ही स्थानके पॅश्तमध्ये, म्हणजे पूर्व तीरावरच आहेत. इतकेच नव्हे, तर पश्चिमेकडे व्हिएन्नास जाणाऱ्या अनेक गाड्या पूर्व स्थानकातून सुटतात. डोंबिवलीच्या माणसाने ह्याचा अचंबा करू नये. शब्द शिकताना शब्दकोशातील अर्थाबरोबर शहराची रूढीही शिकावी लागते, एवढा धडा घ्यावा.

७. ठिकाणांची नावे

हंगेरियन स्थळनामे मुख्यतः समासांनी बनतात, आणि समास फोडण्याची आपल्याला सवय आहे. 'हाझ' म्हणजे घर, गृह. 'कोर' म्हणजे रोग, म्हणून 'कोरहाझ' रुग्णालय. 'सीन' म्हणजे रंगमंच, म्हणून 'सीनहाझ' नाट्यगृह. 'तार' म्हणजे भांडार. 'कॊञ्व' म्हणजे ग्रंथ, म्हणून 'कॊञ्वतार' ग्रंथालय. 'पेन्झ' म्हणजे पैसा, म्हणून 'पेन्झतार' रोखपालाची खिडकी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली आणि ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. ह्यांपैकी 'ग्रंथ संग्रहालय' हे नाव कॊञ्वतार शब्दाचे अक्षरशः भाषांतर शोभेल असे आहे. तलावपाळीवरील गडकरी रंगायतन म्हणजे सीनहाझ. भुयारी रेल्वेस 'फॊल्दॉलॉत्ति' म्हणतात : 'फॊल्द' भूमी, 'ऑलॉत्त' खाली. बुदॉपॅश्तची ही भुयारी रेल्वे १८९६ सालची आहे. 'ऑलॉत्त' ह्या शब्दयोगी अव्ययालाही तीन रूपे आहेत : ऑलॉत्त (खाली आहे), ऑला (खाली जातो), ऑलोल (खालून येतो). 'जवळ, शेजारी' ह्यासाठी मॅल्लॅत्त, मॅल्ले, मॅल्लॊल. त्याचे मूळ 'मॅल्ल' म्हणजे छाती. आपला 'पाशी' हा शब्द 'पार्श्व' म्हणजे बरगडी, कूस ह्यापासून आला आहे. स्थळ दाखविण्यासाठी दोन्ही भाषांनी शरीराचेच अवयव उसने घेतले.

काही शब्दांत नाते याहूनही खोल जाते. हंगेरियन लोक मध्य युरोपात येण्यापूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात इराणी भाषा बोलणाऱ्या जमातींच्या सान्निध्यात राहिले होते. त्या काळी उचललेला 'हीद' म्हणजे पूल हा शब्द अलान लोकांच्या भाषेतून आला. त्याचा अवेस्तातील सगोत्र 'हएतु' आणि संस्कृतातील 'सेतु'. बुदॉ व पॅश्त ह्यांना जोडणारा 'लान्त्सहीद' म्हणजे साखळीचा पूल १८४९ साली खुला झाला. त्याच्या नावात आपला सेतु दडलेला आहे. 'वाशार' म्हणजे जत्रेचा बाजार हाही इराणी शब्द. आपला 'बाजार' फारसीतून आला तो त्याचाच भाऊ. शान्दोर चोमा ह्या हंगेरियन पंडिताने (१७८४–१८४२) आपल्या लोकांचे मूळ शोधण्यासाठी आशिया पालथा घातला, १८३४ साली कलकत्त्यास तिबेटी भाषेचा कोश व व्याकरण प्रसिद्ध केले, आणि दार्जिलिंग येथे देह ठेविला. त्याला हवे होते ते मूळ ह्या देशात नव्हते. परंतु त्याच्या रोजच्या बोलण्यातील पुलाचा शब्द मात्र संस्कृतच्या दूरच्या नात्यातला होता.

८. समारोप

अभ्यासक्रमाच्या दृष्टीने एक सूचना करून हा लेख पुरा करतो. विद्यार्थ्याने परक्या शहराचा नकाशा हाती घेण्यापूर्वी आपल्याच गावात हे शब्द चालवून पाहावेत. डोंबिवली स्थानकावर उभे राहून मनाशी 'आल्लोमाशोन' म्हणावे, तेथून निघताना 'आल्लोमाश्रोल' म्हणावे, परतताना 'आल्लोमाश्रॉ' म्हणावे. फडके रस्त्याने गणेश मंदिराकडे जाताना "मॅञ्ञॅन ॲद्यॅनॅशॅन" (सरळ जावे), कोपऱ्यावर "फोर्दुय्योन योब्ब्रॉ" (उजवीकडे वळावे) अशी सूचना स्वतःस द्यावी. ही दोन्ही क्रियापदे आदरार्थी तृतीय पुरुषातील आहेत. 'आपण जावे', 'आपण वळावे' ह्या मराठी विध्यर्थाशी त्यांची जात जुळते. अनोळखी माणसास वाट विचारताना हाच आदर राखावा.

भाषेच्या ह्या प्रांतात मराठी आपल्या भाषकास नऊपैकी सात घरे देते, दोन वेगळे च देते, उगवत-मावळत देते, उजव्या-डाव्याचे दुहेरी अर्थ देते. ती एकाच ठिकाणी फसविते : असणे आणि जाणे ह्यांतील भेद ती दाखवीत नाही. शिक्षकाने आपला सारा भर त्या एका जागी द्यावा. एरवी आज आपल्या गावांतून 'लेफ्ट', 'राईट', 'ईस्ट', 'वेस्ट' हेच शब्द अधिक ऐकू येतात, आणि 'वरून', 'खालून', 'पाशी', 'कडे' ह्यांतील बारकावे तरुण पिढीच्या बोलण्यातून हळूहळू निसटत आहेत. हे बारकावे ज्याच्याजवळ नाहीत त्याला हंगेरियनचे नऊ प्रत्यय डोंगरासारखे वाटतील. ज्याने आपली भाषा नीट जपली आहे, त्याला परक्या नगरात वाट विचारणेही सोपे जाते.